ठेकेदाराचं बिल आणि सातबारा एकाच टेबलावर ठेवा: वीज कंपनीच्या ऑडिटला नव्याने लागलेल्यांसाठी

महावितरण, महापारेषण नाहीतर महानिर्मितीत अकाउंट्समधून इंटर्नल ऑडिटला बदली झाली की टेबलावर दोन प्रकारच्या फायली येतात, एक ठेकेदारांच्या बिलांच्या आणि दुसऱ्या जमिनींच्या, आणि साधारण पद्धत अशी पडलीय की बिलं एकाने बघायची आणि जमिनी दुसऱ्याने, त्यातही जमिनीची फाइल शेवटी उरलेल्या दोन दिवसांत उरकायची. माझं म्हणणं सरळ आहे, ही वाटणी करू नका. ठेकेदाराने जे काही केलंय ते कुठल्यातरी गट नंबरवरच केलंय ना, मग मोजमापाची खरी तपासणी जमिनीच्या कागदांवरूनच होते आणि जमिनीचा ताबा कधी मिळाला यावरून ठेकेदाराचा दंड माफ करणं बरोबर की चूक ते कळतं. दोन्ही फायली शेजारी ठेवल्या की ज्या गोष्टी एरवी दिसत नाहीत त्या दिसायला लागतात.

आता कोण कोणाचं ऑडिट करतं ते पटकन सांगतो, कारण नवीन माणूस इथे गोंधळतो. आपण इंटर्नल ऑडिट. वर्षाचे हिशोब तपासणारे स्टॅच्युटरी ऑडिटर, ते सीए फर्म असतात पण सरकारी कंपनी असल्यामुळे त्यांची नेमणूक कॅग करतं. त्यांचा रिपोर्ट आल्यावर ६० दिवसांत कॅग स्वतःचं सप्लिमेंटरी ऑडिट करू शकतं. शिवाय महालेखाकारांची पार्टी मंडल कार्यालयात येऊन बसते, हाफ मार्जिन मेमो (उत्तर मागणारी लेखी शंका) देते, त्याला धड उत्तर गेलं नाही की तो इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये जातो आणि नशीब फारच खराब असेल तर थेट विधिमंडळाच्या सार्वजनिक उपक्रम समितीपुढे. त्यामुळे आपण आधी पकडलं तर ऑफिसचाच फायदा आहे, हे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर साहेबांना चहा पिताना समजावून सांगा, निम्मं सहकार्य तिथेच मिळतं.

स्टेप १ : बिल उघडायच्या आधी टेंडर वाचा

कंटाळवाणं काम आहे पण करायचं. वर्क ऑर्डर, एलओए (काम दिल्याचं पत्र), शेड्यूल बी (कामाच्या बाबी, प्रमाण आणि दर), स्पेशल कंडिशन्स, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मंजूर एस्टिमेट. एका कागदावर स्वतःच्या हाताने लिहून काढा: रक्कम किती, मुदत किती आणि ती कुठल्या तारखेपासून मोजायची (एलओएच्या, वर्क ऑर्डरच्या की जागा ताब्यात दिल्याच्या, इथेच अर्धी भांडणं आहेत), दंड कसा, प्राइस व्हेरिएशन (भाव बदलले की बिलात होणारा फरक) आहे का आणि असेल तर कुठल्या मटेरियलला, मटेरियल कंपनी देणार की ठेकेदार आणणार, रिटेन्शन (बिलातून राखून ठेवलेले पैसे) किती, डिफेक्ट लायबिलिटी (दोष निघाला तर ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत) किती महिने, बँक गॅरंटी कधी संपते. हा कागद शेवटपर्यंत समोर राहू द्या. बिलावर 'टेंडरप्रमाणे' असा शेरा मारलेला असतो पण तो मारणाऱ्याने टेंडर उघडलं होतं याची खात्री नसते.

मटेरियल कोणाचं हे नीट बघा. टर्नकी (माल आणि उभारणी दोन्ही ठेकेदाराकडे) असेल तर सप्लाय आणि इरेक्शन वेगळं बिल होतं, आणि सप्लायचे पैसे बऱ्याचदा माल साइटवर आला की निघतात. म्हणजे पोल शेतात आडवा पडलाय आणि त्याचे बहुतेक पैसे दिले गेलेत असंही होऊ शकतं, यात बेकायदा काही नाही, फक्त तो पोल नंतर उभा राहिला का हे कोणीतरी बघितलं पाहिजे.

स्टेप २ : एमबी वाचायला शिका

मोजमाप पुस्तिका म्हणजे एमबी. तिच्या पानांवर छापील नंबर असतात, आधी ते सलग आहेत का बघा. मग तारखा. मग खाडाखोड, आणि खाडाखोडीवर सही. मोजमाप जेईने (ज्युनिअर इंजिनिअरने) घेतलेलं, वरच्या साहेबाने काही टक्के टेस्ट चेक केलेलं, दोघांच्या तारखा वेगळ्या असायला पाहिजेत, एकाच दिवशी एकाच पेनने सगळं लिहिलेलं असेल तर ते साइटवर लिहिलेलं नाही, ऑफिसात बसून लिहिलंय हे उघड आहे. ३१ मार्चच्या तारखेची पानं जरा जास्त वेळ बघा, त्या दिवशी महाराष्ट्रभर जेवढे पोल उभे राहतात तेवढे उरलेल्या वर्षात राहत नसतील!

आता एक हिशोब करून दाखवतो. समजा ११ केव्हीची २.४ किलोमीटर लाइन आहे आणि एस्टिमेटमध्ये स्पॅन (दोन पोलांमधलं अंतर) ६० मीटरचा धरलाय. म्हणजे ४० स्पॅन, म्हणजे ४१ पोल. तीन तारा, म्हणून कंडक्टर ७.२ किलोमीटर, त्यात झोळ आणि जंपरचे (पोलवर तारा जोडणाऱ्या तुकड्यांचे) ३ टक्के धरले तर ७.४१६. आता बिलात ५२ पोल आणि ८.३ किलोमीटर कंडक्टर असेल तर लगेच पॅरा (रिपोर्टमधला आक्षेप) लिहायला बसू नका. गावठाणात स्पॅन कमी घ्यावा लागतो, वळणावर डीपी (दोन पोलांची जोडी) येतो तिथे एक पोल वाढतो, रस्ता क्रॉसिंग असतं, त्यामुळे पोल वाढल्याचं उत्तर खरं असू शकतं. पण लक्षात घ्या, पोल वाढले म्हणून कंडक्टर वाढत नाही, लाइनची लांबी तेवढीच आहे. पोलचं कारण दिलं आणि कंडक्टरवर गप्प बसले की समजायचं.

तसंच काँक्रीट. पोल साधारण लांबीच्या सहाव्या भागाइतका जमिनीत असतो, ८ मीटरच्या पोलला खड्डा दीडेक मीटर. ०.६ बाय ०.६ बाय १.५ मीटरचा खड्डा म्हणजे ०.५४ घनमीटर. बिलात पोलमागे ०.७ घनमीटर काँक्रीट लावलं असेल तर ते त्या खड्ड्यात मावतच नाही, आणि खड्ड्यात पोल पण आहे. असला प्रश्न विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही, कॅलक्युलेटर पुरतो.

एक उपाय मला फार आवडतो, तो म्हणजे सबस्टेशनचं लॉगबुक. चालू फीडरवर (सबस्टेशनमधून निघणाऱ्या लाइनवर) किंवा त्याला लागून काम करायचं तर परमिट घ्यावं लागतं, लाइन बंद करावी लागते आणि यंत्रचालक ती वेळ लॉगबुकात लिहितो. एमबीत लिहिलंय की अमुक तारखेला जुनी तार काढून नवी ओढली, आणि त्या दिवशी लॉगबुकात त्या फीडरवर एक मिनिटाचंही आउटेज नाही, तर मग तार ओढली कशी? लॉगबुक लिहिताना कोणाच्याही डोक्यात बिल नसतं म्हणून ते कागद खरं बोलतात. तिथल्या जनमित्राशीही (लाइनमनशी) बोला, कुठला पोल कधी उभा राहिला हे त्याला पाठ असतं.

स्टेप ३ : स्टोअर आणि काढलेला माल

नवीन माल स्टोअरमधून किती गेला ते सॅपमध्ये (कंपनीच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) दिसतं, रिझर्वेशन आणि गेटपासशी जुळवा, ते सोपं आहे. अवघड आहे ते काढलेल्या जुन्या मालाचं. वीजल कंडक्टर काढून रॅबिट (त्याहून जाड तार) टाकलं असं काम असेल तर वीजलचं वजन किलोमीटरला १२८ किलो असतं, रॅबिटचं २१४. तीन किलोमीटरची तीन तारांची लाइन बदलली म्हणजे ९ किलोमीटर वीजल उतरलं, म्हणजे ११५२ किलो स्टोअरला परत यायला पाहिजे. चोरी, तुटातूट, गंज सगळं धरून हजार तरी. तिथे ३०० किलोची पावती लागलेली असेल आणि बाकीचं 'साइटवर शिल्लक' असं लिहिलेलं असेल तर साइटवर जा आणि बघा काय शिल्लक आहे. जळालेल्या ट्रान्सफॉर्मरचं तेल आणि वाइंडिंगचं तांबं-अॅल्युमिनियम याचाही असाच हिशोब मागायचा, रिपेअर करणाऱ्या एजन्सीला ट्रान्सफॉर्मर देताना तेल किती लिटर होतं याची नोंद नसेल तर पुढचं सगळं तोंडी आहे.

आणि एक गोष्ट जी नवीन माणसाला कोणी सांगत नाही: डीडीएफ, म्हणजे डेडिकेटेड डिस्ट्रिब्युशन फॅसिलिटी. यात ग्राहक स्वतः लायसन्सवाल्या ठेकेदाराकडून लाइन टाकून घेतो आणि कंपनीला १.३ टक्के सुपरव्हिजन चार्ज भरतो. लाइन जागेवर उभी असते, नवी दिसते, पण कंपनीने तिचे पैसे दिलेले नसतात. तीच लाइन कंपनीच्या एखाद्या योजनेत दाखवून बिल काढलं तर साइट व्हिजिटला गेलेल्या ऑडिटरला पोल दिसणारच, तो मोजून खुश होऊन परत येणार. म्हणून व्हिजिटला जायच्या आधी त्या उपविभागातली १.३ टक्केवाली मंजूर एस्टिमेटं मागून घ्या आणि गाव, गट नंबर, डीटीसी (ट्रान्सफॉर्मर सेंटर) कोड लावून ताडून बघा.

स्टेप ४ : बिलातल्या कपाती

इथे फार रमू नका, पण चुका नेहमीच्या असतात. जीएसटीचा टीडीएस २ टक्के, करार अडीच लाखांच्या वर असेल तर, आणि तो जीएसटी सोडून उरलेल्या रकमेवर, पुष्कळ ठिकाणी एकूण बिलावर कापलेला दिसतो. इन्कम टॅक्सचा टीडीएस एकट्या माणसाला १ टक्का आणि फर्म-कंपनीला २. बांधकाम कामगारांचा सेस १ टक्का, बांधकामाच्या खर्चावर. ठेकेदाराने लावलेला १८ टक्के जीएसटी त्याने खरंच भरला का ते पोर्टलवर दिसतं, बघा.

मनुष्यबळाच्या ठेक्यांना मात्र वेळ द्या, तिथे खरं पाणी मुरतं. पीएफचं चलन लावलेलं असतं, त्यावरची एकूण रक्कम बघून पुढे जाऊ नका, आतली नावांची यादी काढा आणि हजेरीशी लावा. एकच यूएएन (कामगाराचा पीएफ नंबर) दोन विभागांच्या बिलात सापडतो. पगारपत्रकात २२ दिवस आणि हजेरीत २६. मालकाचा पीएफ आणि मालकाच्याच वाट्याचा ३.२५ टक्के ईएसआय (कामगार विमा) कंपनीकडून पूर्ण वसूल करायचा आणि भरताना अर्ध्याच माणसांचा भरायचा हा जुना खेळ आहे. विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैला बदलतो, ठेकेदार वाढलेला दर आपल्याकडून लगेच घेतो पण कामगाराच्या खात्यात तो कधी जातो ते बँक स्टेटमेंट मागितल्याशिवाय कळत नाही. ठेकेदाराने बुडवलं तर शेवटी कामगार मूळ मालक म्हणून कंपनीच्याच दारात येतो, म्हणून हे 'त्यांचं त्यांनी बघावं' म्हणण्यासारखं नाही.

स्टेप ५ : जमिनीची यादी तयार करा, असलेल्या यादीवर विसंबू नका

६ जून २००५ ला वीज मंडळाच्या चार कंपन्या झाल्या, सूत्रधारी, निर्मिती, पारेषण, वितरण. कागदोपत्री मालमत्ता वाटल्या गेल्या, पण तलाठ्याच्या दप्तरात ते आपोआप पोचत नाही. अजूनही कितीतरी सातबाऱ्यांवर 'म. रा. वि. मंडळ' असंच नाव दिसतं, आणि एकाच आवारात पारेषणचं सबस्टेशन, वितरणचं ऑफिस आणि मागे क्वार्टर्स असतील तर कुठला कोपरा कोणाचा यावर दोन्ही कंपन्या एकमेकांकडे बोट दाखवतात, किंवा, घरपट्टी भरायची वेळ आली की, दोघीही दुसरीची जागा आहे म्हणतात.

तर पहिलं काम, प्रत्येक जागेसाठी एक पान. गाव, गट किंवा सर्व्हे नंबर, क्षेत्र, जागा कशी मिळाली (भूसंपादन, खरेदी, सरकारी जमीन, ग्रामपंचायतीचा ठराव, दानपत्र, भाडेपट्टा), कागद कुठला, फेरफार नंबर, सातबाऱ्यावर आज नाव कोणाचं, ताब्यात प्रत्यक्ष किती. शेजारी फिक्स्ड अॅसेट रजिस्टरमधली एंट्री. दोन याद्या जुळत नाहीत हे तुम्हाला पहिल्या दिवशीच दिसेल.

क्षेत्र लिहिताना आर आणि गुंठे एक धरू नका. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. फरक छोटा वाटतो, पण जुन्या फायलीत एकर-गुंठे, सातबाऱ्यावर हेक्टर-आर आणि अॅसेट रजिस्टरला चौरस मीटर असं त्रांगडं असतं आणि कोणीतरी मध्येच हेक्टरला एकर समजून आकडा टाकलेला असतो. २ हेक्टर ४० आर म्हणजे ५.९३ एकर, रजिस्टरला २.४० एकर लिहिलेलं असेल तर साडेतीन एकर जमीन कागदावरून गायब झाली की नाही?

सातबाऱ्यावर नुसतं नाव बघून थांबू नका. भोगवटादार वर्ग २ असेल तर ती बहुधा सरकारने दिलेली जमीन आहे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशात अटी आहेत, ज्या कामासाठी दिली त्याच कामासाठी वापरायची, अमुक मुदतीत वापरायची, परवानगीशिवाय दुसऱ्याला द्यायची नाही. तो मूळ आदेश मिळवाच. सबस्टेशनसाठी घेतलेल्या जागेवर मोबाइल टॉवर नाहीतर बँकेचं एटीएम भाड्याने बसलंय आणि भाडं छान जमा होतंय म्हणून सगळे खुश आहेत, पण शर्तभंग झाला तर जागा परत सरकारजमा होऊ शकते. इतर हक्काच्या रकान्यात बोजा, कूळ, कोर्टाचा मनाई हुकूम काहीही निघतं.

भूसंपादनाच्या जागांना निवाडा आणि ताबा पावती दोन्ही पाहिजे. १८९४ च्या जुन्या कायद्याखालच्या केसेसमध्ये वाढीव मोबदल्याचे दावे वर्षानुवर्षं चालतात आणि व्याज चढत राहतं, तेव्हा लीगल सेक्शनकडून यादी घेऊन हिशोबात तरतूद केलीय का ते बघा. २०१४ पासून नवा कायदा लागू आहे. आणि भूसंपादन अधिकाऱ्यांकडे आधी भरून ठेवलेल्या डिपॉझिटचा हिशोब मागा, पैसे भरले, जमीन मिळाली, वाटप झालं, उरलेली रक्कम कुठे आहे विचारलं की फाइल शोधायला माणूस जातो तो संध्याकाळी येतो.

महानिर्मितीत असाल तर एक वेगळी गोष्ट, जलविद्युत केंद्रं राज्याच्या जलसंपदा विभागाच्या मालकीची आणि महानिर्मितीकडे भाडेपट्ट्याने चालवायला आहेत, तिथली जमीन आपल्या यादीत मालकीची म्हणून धरू नका. औष्णिक केंद्रांना राखेच्या बंधाऱ्यासाठी घेतलेल्या मोठ्या जमिनी असतात, तिथे हद्दीचे दगड शोधणं हेच मुख्य काम.

अतिक्रमण दिसलं तर फोटो, तारीख, अंदाजे क्षेत्र आणि पहिली नोटीस कधी दिली ते लिहा. सरकारला दावा लावायला ३० वर्षं मिळतात पण कंपनीने १२ वर्षांचाच हिशोब धरून चालावं, उगाच सरकारी म्हणून निवांत राहू नये.

स्टेप ६ : आता दोन्ही फायली शेजारी ठेवा

सगळ्यात आधी 'क' प्रत, म्हणजे भूमी अभिलेखने केलेल्या मोजणीचा नकाशा. समजा ३३ केव्ही सबस्टेशनला ४० आर जागा आहे, ८० बाय ५० मीटरची. परिघ २६० मीटर, ५ मीटरचं गेट सोडलं तर कंपाउंड वॉल २५५. बिलात ३१० मीटर भिंत आहे. दोनच शक्यता, एक तर भिंत तेवढी बांधलीच नाही, किंवा बांधलीय आणि शेजाऱ्याच्या शेतात गेलीय. दोन्हीत पॅरा आहे! उलटही होतं, बिलात २२० मीटर आणि तेवढीच भिंत जागेवर, सगळं जुळतं म्हणून बिलवाला ऑडिटर पुढे जातो, पण नकाशा बघितला तर एका बाजूची पट्टी शेजाऱ्याच्या कुंपणात राहिलीय. बिल बरोबर, जमीन गेली.

मग मुरूम. त्याच ४० आरवर सरासरी ०.६ मीटर भराव दाखवलाय, म्हणजे २४०० घनमीटर. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर, तर ८४८ ब्रास झाले. २०२१ पासून रॉयल्टी ब्रासला ६०० रुपये, म्हणजे ५ लाख ८ हजार ८०० रुपयांची रॉयल्टी भरल्याचे पास बिलाला लागले पाहिजेत. खरं तर जास्तच, कारण ट्रकमधला मुरूम सैल असतो आणि बिलातलं माप दाबलेल्या भरावाचं असतं. पास ३०० ब्रासचेच असतील तर बाकी मुरूम आलाच नाही, किंवा विनापरवाना आला, किंवा त्याच प्लॉटच्या मागच्या उंचवट्यावरून खोदून पुढे टाकला. या तिसऱ्यात दर वेगळा लागतो, बाहेरून आणलेल्या मुरमाचा नाही. आणि भरावाच्या आधीच्या लेव्हल्स एमबीत आहेत का ते विचारा, नसतील तर ०.६ मीटर हा आकडा कोणाच्या डोक्यातून आला तेवढं लेखी घ्या.

तिसरी गोष्ट दंड. समजा काम २ कोटींचं, १४ आठवडे उशीर, दंड आठवड्याला अर्धा टक्का, म्हणजे ७ टक्के, १४ लाख. फाइलवर लिहिलंय की कंपनीने जागा वेळेत दिली नाही म्हणून मुदतवाढ, दंड माफ, वर वाढीव काळासाठी प्राइस व्हेरिएशनही. आता जमिनीच्या फाइलमधून ताबा पावती काढा. तिच्यावरची तारीख वर्क ऑर्डरच्या आधीची असेल तर माफीचं कारण तिथेच पडलं. आणि खरंच उशिरा ताबा मिळालेला असेल तर ठेकेदार सुटला, पण मग प्रश्न आपल्या ऑफिसला, की जागा हातात नसताना वर्क ऑर्डर काढली कशी. माझ्या मते हा दुसरा पॅरा जास्त महत्त्वाचा असतो आणि नेमका तोच लिहायला लोक कचरतात.

महापारेषणकडे टॉवर लाइनचा मोबदला हे स्वतंत्र प्रकरण आहे, त्यातही टर्नकी कामात शेतकऱ्याला पैसे ठेकेदार देतो आणि मग आपल्याकडून परतफेड घेतो, म्हणजे बिल आणि जमीन एकाच कागदावर आले. केंद्राच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरच्या पायाला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि कॉरिडॉरला (तारांखालच्या पट्ट्याला) १५ टक्के होतं, जून २०२४ मध्ये ते २०० आणि ३० टक्के झालं. राज्याचे आदेश वेगळे असतात, म्हणून त्या लाइनला कुठल्या तारखेचा आदेश लागू आहे ते आधी पक्कं करा, जुन्या लाइनला नवा दर लावणं आणि उलटं, दोन्ही होतं. पायाचं क्षेत्र म्हणजे चार पायांमधली जागा आणि २०२४ च्या सूचनांप्रमाणे प्रत्येक बाजूला एक मीटर जास्त: पाय ६ मीटर अंतरावर असतील तर ८ बाय ८, ६४ चौरस मीटर. १३२ केव्हीला कॉरिडॉरची रूढ रुंदी २७ मीटर, एका गटातून लाइन १५० मीटर जात असेल तर ४०५० चौरस मीटर, साडेचाळीस आर. त्या गटाचं सातबाऱ्यावरचं एकूण क्षेत्रच ३५ आर असेल तर? असे आकडे निघतात, म्हणून प्रत्येक पंचनाम्याला त्या दिवशीचा सातबारा लावून घ्या. खातेदार सामाईक असतील तर सगळ्यांच्या सह्या किंवा संमती, खातेदार वारलेला असेल तर वारस नोंद, पैसे बँकेतून गेल्याचा पुरावा. मयत माणसाचा अंगठा पंचनाम्यावर सापडला तर तो पॅरा थेट वर जातो, तिथे आपलं काम संपतं.

सौर कृषी वाहिनीच्या जमिनींना पण हेच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी २.० मध्ये खासगी जमिनीला वर्षाला हेक्टरी किमान १ लाख २५ हजार आणि दरवर्षी ३ टक्के वाढ आहे, म्हणजे दुसऱ्या वर्षी १,२८,७५०. पैसे मोजणीच्या क्षेत्रावर जातायत की शेतकऱ्याने अर्जात लिहिलेल्या क्षेत्रावर ते बघा, आणि भाडेपट्टा रजिस्टर झालाय का, एक वर्षाच्या वरचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो.

स्टेप ७ : साइटवर जाणं आणि पॅरा लिहिणं

जाताना जेईला बरोबर घ्या, एकटे जाऊ नका. मोजमाप दोघांनी मिळून घ्यायचं, जागेवरच कागदावर दोघांच्या सह्या, फोटोत तारीख आणि लोकेशन. ऑफिसात परत आल्यावर सही मागितली की 'साहेबांना विचारतो' असं उत्तर येतं. टेप पुरते, मोठ्या जागेला मोबाइलचं जीपीएस अंदाजापुरतं वापरा, पॅरा मात्र मोबाइलच्या आकड्यावर लिहू नका, फेरमोजणी सुचवा.

पॅरात भ्रष्टाचार, संगनमत, अपहार असले शब्द टाळा. किती पाहिजे होतं, किती दिसलं, कुठल्या कागदावरून, फरकाची रक्कम किती, कुठल्या कलमाप्रमाणे वसुली, बस. 'कंपाउंड वॉल क प्रतीप्रमाणे २५५ मीटर, एमबी पान अमुकवर ३१०, जादा ५५ मीटरची रक्कम वसूल करावी' हे वाक्य दहा विशेषणांपेक्षा जड आहे. जमिनीच्या पॅरात रक्कम निघत नाही म्हणून तो सोडून देतात, ते करू नका, फेरफार कोण घालणार आणि कधीपर्यंत ते नाव नको पण पदनाम टाकून लिहा. खरेदीखत नोंदणीकृत असेल तर तलाठी, आता ग्राम महसूल अधिकारी, यांच्याकडे फेरफाराला फार अडचण नसते, बाकी कुठल्याही मार्गाने हक्क मिळाला असेल तर महसूल संहितेप्रमाणे तीन महिन्यांत कळवायचं असतं आणि ते कोणीच कळवलेलं नसतं.

वसुली सांगताना पैसे कुठून निघतील तेही बघा. आरए बिल (चालू कामाचं बिल) बाकी असेल तर तिथून, नाहीतर रिटेन्शन, नाहीतर सिक्युरिटी डिपॉझिट, तेही परत गेलं असेल तर बँक गॅरंटी. पहिल्या दिवशी ज्या कागदावर बँक गॅरंटीची मुदत लिहिली होती तो काढा, आणि महिना-दीड महिनाच उरला असेल तर पॅराचा ड्राफ्ट, साहेबांची सही, डिस्कशन मीटिंग यांची वाट न बघता गॅरंटीची मुदत वाढवून घ्या असं एक साधं पत्र त्याच दिवशी विभागाला इनवर्ड करून पोच घ्या.